‘द डार्क नाइट’ची ४के डिस्क: दाणे, पट्ट्या आणि हरवलेले संवाद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते तुम्हाला कळेल. भावाने न्यू जर्सीहून ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनच्या सिनेमाची ४के डिस्क आणली. तुम्ही ती प्लेस्टेशन ५ वर लावलीत. समोर ५५ इंची टीव्ही, टीव्हीला जोडलेला साउंडबार. ओटीटीवर हाच सिनेमा गुळगुळीत दिसायचा, डिस्कवर मात्र काही प्रसंग दाणेदार दिसतात. वरखाली काळ्या पट्ट्या मध्येच येतात, मध्येच जातात. पाकिटावर डॉल्बी ॲटमॉसचं (छतावरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीचं) नाव नाही. आणि संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या स्फोटाला शेजारी दार वाजवतात. डिस्क सदोष आहे का, जुनी ब्लू-रे स्वस्त असताना ४केच का घ्यावी, आणि भाऊ पुन्हा येताना तिसरा भागही मागवावा का, एवढं तुम्हाला हवं आहे.

डिस्क सदोष नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी दाणे, पट्ट्या आणि ॲटमॉस या तीन गोष्टी सिनेमा जसा बनला तशाच डिस्कवर उतरल्या आहेत. चौथी, संवादांची तक्रार अगदी खरी आहे, पण तिचं मूळ बहुतेक तुमच्या जोडणीत आहे. लोकांच्या घरी जाऊन टीव्ही आणि स्पीकर कॅलिब्रेट करणं, म्हणजे नीट जुळवून देणं, हा माझा व्यवसाय आहे, आणि हा नेमका घोळ मला पुन्हा पुन्हा भेटतो.

कुठलीही डिस्क हातात आली की मी आधी विचारतो, हा सिनेमा कशावर चित्रित झाला आणि त्याचा आवाज कुठल्या पद्धतीने मिसळला गेला? त्यानंतरच डिस्ककडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरतं. पाकिटावरच्या चिन्हांवरून अपेक्षा ठरवली तर उत्तम डिस्क वाईट वाटते आणि रंगरंगोटी केलेली वाईट डिस्क चांगली वाटते. सुपरहिरोपटांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण हल्लीचे बहुतेक सुपरहिरोपट डिजिटल कॅमेऱ्यावर होतात आणि आपले डोळे त्या काचेसारख्या स्वच्छ चित्राला सरावले आहेत.

‘द डार्क नाइट’ २००८ चा. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन, छायालेखक वॉली फिस्टर. सिनेमाचा बराचसा भाग ३५ मिलिमीटर फिल्मवर, ॲनामॉर्फिक लेन्सने (रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर बसवणाऱ्या) चित्रित झाला आहे. सुमारे अर्ध्या तासाचे प्रसंग मात्र आयमॅक्सच्या ६५ मिलिमीटर फिल्मवर आहेत. एवढ्या मोठ्या कथापटात आयमॅक्स कॅमेरे अशा रीतीने वापरण्याची ही पहिलीच वेळ होती. आयमॅक्सच्या एका फ्रेमचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या फ्रेमच्या साधारण नऊ-दहापट असतं. फिल्ममधले रासायनिक कण दोन्हीकडे सारखेच, पण मोठी फ्रेम पडद्यावर आणताना कमी पटीने मोठी करावी लागते, म्हणून तिचे दाणे जवळपास दिसतच नाहीत. ३५ मिलिमीटरचे दिसतात. सुरुवातीचा बँक दरोडा, हाँगकाँगचा प्रसंग, शिकागोच्या लोअर वॅकर ड्राइव्हवरचा पाठलाग यांत आयमॅक्स आहे. बंद खोलीतली बोलणी बहुतेक ३५ मिलिमीटरवर, कारण आयमॅक्सचा कॅमेरा चालताना इतका आवाज करतो की त्याच्यासमोर हळू आवाजातले संवाद ध्वनिमुद्रित करणं फार अवघड जातं.

पट्ट्यांचा उलगडाही यातच आहे. ३५ मिलिमीटरच्या भागाची चौकट रुंद आणि बुटकी, साधारण २.४०:१. आयमॅक्सची मूळ चौकट बरीच उंच, १.४३:१. घरच्या टीव्हीचा पडदा १.७८:१ असतो, त्यामुळे डिस्कवर आयमॅक्सचे प्रसंग पूर्ण पडदा भरतात आणि बाकीच्या वेळी वरखाली काळ्या पट्ट्या राहतात. आयमॅक्सच्या थिएटरांतही चौकट अशीच उंच-बुटकी होत होती. एक सोपी खूण सांगतो. सिनेमातलं पहिलंच इमारतीचं दृश्य, जिथे काच फुटून बाहेर येते, ते डिस्कवर पूर्ण पडदा भरतं. ओटीटीवर किंवा दुसऱ्या एखाद्या आवृत्तीत तिथेच पट्ट्या दिसल्या, तर त्या प्रतीत आयमॅक्सच्या चौकटीचा वरचा आणि खालचा भाग कापलेला आहे असं समजा. जुन्या डीव्हीडीवर तर सगळा सिनेमाच एका बुटक्या चौकटीत होता. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही दोष म्हणताय, तिच्यासाठीच लोक ही डिस्क शोधून घेतात.

आता दाणे. दाणे असणं आणि दाणे वाईट दिसणं यांत फरक करायला शिका, कारण डिस्कचा दर्जा खरा इथेच कळतो. नीट उतरवलेला ग्रेन, म्हणजे हेच दाणे, सतत हलता असतो, बारीक असतो आणि चेहऱ्याच्या मागे किंवा पुढे न तरंगता चेहऱ्यातच मिसळलेला असतो. चित्र थांबवलं तर त्वचेची छिद्रं, दाढीचे खुंट, कोटाच्या कापडाची वीण दिसते. डिस्क बनवताना ‘नॉइज रिडक्शन’ जास्त झालं असेल तर दाणे जातात खरे, पण त्यांच्याबरोबर छिद्रं आणि वीणही जाते आणि माणसं मेणाची दिसू लागतात. कॅमेरा हलला की दाणे जागीच गोठल्यासारखे वाटतात, तीही वाईट खूण. तुमच्या डिस्कवर यातलं काही नाही. गॅरी ओल्डमनचा (पोलिस अधिकारी गॉर्डनचा) चेहरा जवळून आलेला एखादा प्रसंग थांबवून पाहा, मी काय म्हणतोय ते लगेच दिसेल.

ओटीटीवर ते गुळगुळीत का दिसत होतं? ग्रेन म्हणजे दर फ्रेमला बदलणारा बारीक तपशील, आणि तो साठवायला फार डेटा लागतो. ४के डिस्कला सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढेही जाता येतं. ओटीटीचं ४के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये बसवलेलं असतं, आणि नेट मंदावलं की त्याहून कमी. इतक्या कमी डेटात ग्रेन टिकत नाही, म्हणून कॉम्प्रेशन तो पुसून टाकतं. सिनेमाच्या अगदी आरंभी निळसर ज्वाळांतून वटवाघळाचं चिन्ह उमटतं, तेवढे काही सेकंद दोन्हीकडे लावून बघा. ओटीटीवर अंधारात चौकोनी ठिपके किंवा रंगांच्या पायऱ्या दिसण्याची शक्यता बरीच आहे. डिस्कवर ज्वाळा अंधारात हळूहळू विरत जातात. दोन्ही आवृत्तींची तुलना करायला मला हाच तुकडा सगळ्यात उपयोगी वाटतो, पाठलागाच्या दृश्यांपेक्षाही.

जुनी ब्लू-रे स्वस्तात मिळते, मग ४केच का, असंही तुम्ही विचारलंय. डिसेंबर २००८ ची ब्लू-रे तिच्या काळात दुकानांत टीव्ही दाखवायला वापरली जायची, आणि तिचे आयमॅक्स प्रसंग आजही देखणे आहेत. पण तिच्या ३५ मिलिमीटरच्या भागात कृत्रिम धार चढवलेली आहे. उजळ खिडकीसमोर काळ्या सुटातला माणूस उभा असेल तर खांद्याच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ दिसते. आकाशासमोरच्या इमारतींनाही तीच रेघ आहे. एकदा लक्षात आली की ती प्रत्येक दृश्यात दिसत राहते. डिसेंबर २०१७ ची ४के आवृत्ती नोलनच्या देखरेखीखाली तयार झाली आणि ती कृत्रिम धार तिच्यात नाही. म्हणूनच तिचं चित्र पहिल्या नजरेला जरा मऊ वाटतं. मला विचाराल तर त्या डिस्कचा हाच सगळ्यात मोठा गुण आहे, रिझोल्यूशनपेक्षा मोठा.

रिझोल्यूशनबद्दल मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ५५ इंची पडद्यापासून सात फुटांच्या पलीकडे बसलात तर साधारण नजरेच्या माणसाला १०८० (म्हणजे ब्लू-रेचं रिझोल्यूशन) आणि ४के यांतल्या निव्वळ बारकाव्याचा फरक जेमतेम जाणवतो. आपल्या बैठकीच्या खोल्यांत सोफा आठ-दहा फुटांवर असतो. त्या अंतरावरही दिसतो तो कमी कॉम्प्रेशनचा, रंगांच्या जास्त छटांचा आणि एचडीआरचा (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या सोयीचा) फरक. ब्लू-रेत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या, ४के डिस्कमध्ये १०२४.

या डिस्कचा एचडीआर संयमी आहे. हल्लीच्या सुपरहिरोपटांत डोळे दिपवणारा प्रकाश असतो, तसा इथे शोधू नका. चौकशीच्या खोलीतला प्रसंग लावा. सुरुवातीला टेबलावरच्या दिव्याशिवाय उजेड नाही, खलनायक जोकरचा चेहरा अर्धा अंधारात. मग खोलीतले दिवे एकदम लागतात आणि बॅटमॅन त्याच्या मागेच उभा असलेला दिसतो. अंधाराच्या भागात जोकरचे कपडे काळ्यात पूर्ण बुडता कामा नयेत, आणि दिवे लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या भेगा दिसत राहायला हव्यात. पहिल्या भागात सगळं काळं झालं किंवा दुसऱ्यात चेहरा नुसता पांढरा ठिपका झाला, तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधा. टीव्हीचं मॉडेल तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे नेमके आकडे सांगता येत नाहीत. पॅनेल ओएलईडी आहे की साधं एलईडी, यावरही खूप ठरतं. स्वस्त एलईडीला अंधार आणि उजेड एकाच चौकटीत पेलत नाहीत, तिथे डिस्क कितीही चांगली असली तरी काळा रंग राखाडीच दिसणार.

सेटिंगचं मात्र सगळ्यांना लागू पडेल असं सांगता येतं. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टँडर्ड’ सोडून ‘फिल्ममेकर’ मोड लावा, तो नसेल तर ‘सिनेमा’. शार्पनेस खाली आणा. बहुतेक टीव्हींवर शून्य किंवा त्याच्या जवळपास बरोबर असतं. नाहीतर जी पांढरी रेघ मी जुन्या ब्लू-रेत दाखवली, तीच टीव्ही नव्या डिस्कवर स्वतः काढतो. नॉइज रिडक्शन बंद. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, कारण सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा तिच्यामुळे मालिकेसारखा दिसू लागतो. वीज वाचवणारा मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर, दोन्ही बंद. हे सगळं एचडीआर चालू असताना करा, कारण टीव्ही साध्या आणि एचडीआर चित्रासाठी वेगवेगळी सेटिंग लक्षात ठेवतो. बहुतेक घरांत ही चूक झालेली असते: साध्या केबल चॅनेलवर सगळं नीट लावलेलं आणि डिस्क लावली की पुन्हा व्हिव्हिड.

इथवरचं गोळा करतो. पट्ट्या आयमॅक्समुळे, दाणे ३५ मिलिमीटरमुळे, मऊपणा कृत्रिम धार काढल्यामुळे. टीव्ही नीट लावल्यावरही चित्र खटकलं तर पुन्हा लिहा, मॉडेलसकट.

आता आवाज, जिथे तुमची खरी अडचण आहे. ॲटमॉस आधी बाजूला काढू. ॲटमॉस आलं २०१२ मध्ये, हा सिनेमा त्याच्या चार वर्षं आधीचा. मूळ मिश्रणात छतावरचे आवाज नव्हतेच. नोलन ॲटमॉस वापरत नाही, अगदी २०२३ च्या ‘ओपनहायमर’च्या डिस्कवरही ५.१च (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आहे. तुमच्या डिस्कवर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ आहे, म्हणजे स्टुडिओत मिसळलेला आवाज कुठलीही काटछाट न करता. ओटीटीवरचं ॲटमॉस बहुतेक वेळा काटछाट केलेल्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं. तेव्हा चिन्ह नाही म्हणून आवाज कमी प्रतीचा, असा हिशेब करू नका. याच सिनेमाच्या ध्वनिसंकलनासाठी रिचर्ड किंग यांना ऑस्कर मिळालं होतं, आणि ते काम या ५.१ मध्ये पूर्ण ऐकू येतं.

पण तुमच्याकडे ते पोहोचतंय का? तुम्ही लिहिलंय की प्लेस्टेशन टीव्हीला आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टमधून) साउंडबार. साधी एआरसी मास्टर ऑडिओसारखा मोठा आवाज पुढे नेऊ शकत नाही. त्यातून फक्त कॉम्प्रेस केलेला डॉल्बी किंवा डीटीएस जातो, नाहीतर दोन चॅनेलचा पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला आवाज). त्यात बरेच टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. मग होतं असं की प्लेस्टेशन ५.१ आवाज सोडतं, टीव्ही त्याचे दोन चॅनेल करतो आणि साउंडबार ते दोन चॅनेल वाजवतो. ५.१ मध्ये संवादांसाठी मधला स्पीकर राखलेला असतो. दोन चॅनेल झाले की संवाद, इंजिनं, संगीत सगळं डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये एकत्र येतं आणि बोलणं त्यात बुडतं. साउंडबारच्या डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये काय दिसतंय ते पाहा. सिनेमा चालू असताना तिथे ‘पीसीएम २.०’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसलं, तर दोषी सापडला.

उपाय साउंडबारवर अवलंबून आहे. त्याला एचडीएमआय इनपुट असेल आणि तो ४के एचडीआर चित्र पुढे पाठवत असेल, तर प्लेस्टेशन थेट साउंडबारला लावा आणि साउंडबारमधून टीव्हीला. इनपुट नसेल पण टीव्ही आणि साउंडबार दोघांकडे ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असेल, तर टीव्हीच्या मेनूत ते चालू आहे का बघा. बऱ्याचदा ते मुळात बंद असतं. मग प्लेस्टेशनचा आवाज ‘लिनियर पीसीएम’वर ठेवा, डीटीएस उलगडण्याचं काम ते स्वतः करेल आणि सगळे चॅनेल जातील. दोन्ही नसेल तर प्लेस्टेशनला डॉल्बीत आवाज पाठवायला सांगा. थोडी काटछाट होईल, पण मधला चॅनेल शाबूत राहील. आणि साउंडबारच मुळात दोन चॅनेलचा असेल तर तारा कितीही बदलल्या तरी मधला स्पीकर मिळणार नाही. तेव्हा पुढची खरेदी डिस्कची न करता साउंडबारची करा, असं मी स्पष्ट सांगेन.

जोडणी सुधारल्यावरही थोडा त्रास उरेल, कारण सिनेमाचं मिश्रण थिएटरसाठी आहे. थिएटरमध्ये मुख्य स्पीकरना १०५ डेसिबलपर्यंत आणि सबवूफरच्या चॅनेलला ११५ पर्यंत जायला जागा ठेवलेली असते. फ्लॅटमध्ये तेवढा आवाज कुणी लावत नाही, लावूही नये. मी मधला चॅनेल दोन-तीन डेसिबल वाढवून देतो, सबवूफर तेवढाच कमी करतो, आणि रात्री दहानंतर ‘नाइट मोड’ लावायला सांगतो. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. दिवसा मात्र तो बंद ठेवा, नाहीतर सिनेमाचा जीवच जातो.

खोलीही बघा. चकचकीत टाइल्स, रिकाम्या भिंती, मोठी सरकती काच अशा खोलीत शब्दांची शेवटची अक्षरं घुमण्यात हरवतात. सोफ्यासमोर एक जाड सतरंजी आणि काचेवर जाड पडदा एवढ्यानेही फरक पडतो. सबवूफर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात बास फुगतो, आणि भिंत शेजाऱ्यांची असेल तर तो थेट त्यांच्याकडे जातो.

मग दोन ठिकाणी आवाज तपासा. एक, जोकर येण्याआधीचा तो एकच ताणलेला स्वर. तो जवळजवळ शांततेतून उगवतो आणि हळूहळू असह्य होत जातो. कमी आवाजावरही तो नेमका कधी सुरू झाला ते कळायला हवं. दोन, बॅटपॉडचं, म्हणजे बॅटमॅनच्या मोटरसायकलचं, इंजिन. रिचर्ड किंग यांनी त्यासाठी शेपर्ड टोन वापरला आहे. अनेक स्वर एकावर एक असे रचलेले असतात की आवाज सतत चढतोय असं वाटतं, पण तो कुठेच पोहोचत नाही. चांगल्या जोडणीत तो चढ अखंड आणि सुरेल लागतो. कर्कश झाला किंवा मध्ये तुटला तर साउंडबारचे ‘साउंड एन्हान्सर’सारखे प्रकार बंद करा. बॅटमॅनचा घोगरा आवाज मात्र मुद्दामच तसा केलेला आहे. त्यातलं प्रत्येक अक्षर खणखणीत येण्याची वाट पाहू नका, सबटायटल लावण्यात काही कमीपणा नाही.

तिसऱ्या भागाबद्दल. ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये आयमॅक्सचा भाग तासाभराहून जास्त आहे, म्हणजे पडदा जास्त वेळ भरलेला राहील. आवाज त्यातही डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१, त्यामुळे आताची जोडणी तशीच ठेवलीत तर तिथेही संवाद असेच बुडतील. म्हणून आधी तार आणि मेनू, मग डिस्क. भावाला सांगताना नेमकं सांगा: ‘४के अल्ट्रा एचडी’ लिहिलेली, काळ्या डबीतली. निळी डबी म्हणजे साधी ब्लू-रे. ४के डिस्कना प्रदेशाचं कुलूप नसतं, अमेरिकेतली डिस्क इथे चालते. साध्या ब्लू-रेला ते असू शकतं. अमेरिका ए विभागात येते आणि भारत सी विभागात, तेव्हा पाकिटात सोबत आलेली ब्लू-रे तुमच्या मशीनवर चालेलच असं गृहीत धरू नका.